आधी उताणं व्हायचं

माझं नाव कमल, इथं पोहायच्या तलावावर लहानमोठी सगळी कमलमावशीच म्हणत्यात. जन्म माझा चाकणजवळच्या निघोज्याचा. आता निघोजं म्हणलं की तुमाला कंपन्या आठवत्यात, कंटेनरच्या रांगा आठवत्यात, पण माझ्या लहानपणी घरातनं निघून दोन बांध ओलांडले की इंद्रायणीच. आमचे आप्पा पट्टीचे पोहणारे. नदीत कुणी बुडालं की पोलीसपाटील माणूस धाडायचा, आप्पांना बोलवा. मला भाऊ न्हाई, थोरली मीच, मग दोर धरायला कोण, तर मी. धा-अकरा वर्षांची असंन. आप्पांच्या कमरंला दोर, दुसरं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हंजी अजून सोड, दोन हिसके म्हंजी वर ओढ. लोकं काठावर रडत असायची आन् मी नुसती त्या दोराकडं बघत बसायची. मोठं माणूस काढलं तर आप्पा घरी येऊन आंघोळ करून जेवायचे. लहान लेकरू काढलं तर त्या दिवशी जेवायचे न्हाईत.

त्यांनी मला पाणी शिकवलं, पण कसं, तर पाठीला वाळका भोपळा बांधून आधी नुसतं उताणं पडायला. हात मारू नको, पाय मारू नको, आभाळाकडं बघत पड. मला राग यायचा, भावकीतली पोरं सपासप पोहायची आन् मी आपली लाकडासारखी पडलेली. आप्पा म्हणायचे, कमळे, मी ज्यांना काढलं त्यातली निम्मी पोहणारी व्हती. दमत्यात आन् जात्यात. ज्याला पडून राहता येतं, त्यो कुणी येईस्तवर टिकतो. लहानपणी हे डोक्यात शिरत न्हाई हो. पुढं शिरलं.

लग्न झालं, थेरगावात आले. डांगे चौकाच्या मागं आमच्या दोन खोल्या, मालक एका वर्कशॉपात कामाला. पुढं प्रेसमध्ये त्यांची दोन बोटं गेली, मग मी कामाला बाहेर पडले. इथल्या तलावावर बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्या झाडायच्या, पुसायच्या, ओल्या लाद्यांवर कुणी घसरू नये म्हणून सारखा वायपर मारायचा. आठ वर्षं मी निस्ता वायपर मारला, पाण्यात पायसुदा बुडवला न्हाई.

एकदा काय झालं, उन्हाळ्याची सुट्टी, छोट्या तलावात लेकरांची ही गर्दी. तिथले मास्तर म्हंजी निखिलसर, पोरगेलेसे हायत पण मन लावून शिकवत्यात, ते पोरांना दांडी धरून पाय मारायला लावत व्हते. आया बाकावर, कुणी गप्पा मारतंय, कुणी मोबाईलमधी. मी वायपर घेऊन चालले आन् कोपऱ्यात एक लेकरू दिसलं, पाच वर्षांचं असंल. उभंच व्हतं पाण्यात. मान मागं टाकलेली, तोंड पाण्याबरोबर, कवा वर कवा खाली, आन् हात असे, जशी काय अदृश्य शिडी चढतंय. आवाज न्हाई, काय न्हाई. काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं बुडणारं माणूस वाचवा वाचवा म्हणून वरडतं. वरडायला आधी श्वास लागतो! मी वायपर टाकला आन् साडीसकट आत. उचललं, उलटं धरलं, पाणी ओकलं त्यानं, मग जे रडायला लागलं, मला इतकं गोड वाटलं ते रडणं. आन् त्याची आई बाकावरनं म्हणती कशी, अहो मावशी, खेळत होता तो.

निखिलसरांचं तोंड पांढरं फटक पडलं व्हतं. संध्याकाळी मला म्हणले, मावशी, मी पाच हातांवर व्हतो, मला दिसलं न्हाई, तुमाला कसं दिसलं? मी म्हणलं, सर, पोहणारं लेकरू पुढं सरकतं, बुडणारं जागेवर राहतं. मग त्यांनी मला आप्पांचं सगळं विचारलं. त्यांनीच मला जीवरक्षकाचं शिक्षण घ्यायला लावलं, रबरी बाहुलीच्या छातीवर दाबायचं, तोंडानं हवा द्यायची, पन्नाशीला आलेली बाई मी, सोबतची पोरं हसायची. पण पास झाले. सर म्हणले, आता साडेतीन ते सहा वर्षांची लेकरं तुमच्याकडं.

आन् मग माझ्या वाईटपणाला सुरुवात झाली. कारण आईबापांना कसं, लेकरानं आठ दिवसांत हात मारत पलीकडं जायला पायजे, व्हिडिओ काढायला पायजे. आन् मी म्हणते, आधी उताणं व्हायचं. पडलास पाण्यात, तोंड मीट, वळ, उताणा हो, कान पाण्यात जाऊ दे, छताकडं बघ. एवढंच. ते जमलं की मग काठ पकडायचा, खेकड्यासारखं काठाकाठानं सरकायचं, कोपरं टेकवून वर चढायचं. आन् एकेक गोष्ट जमली की ती परत कपड्यांवर. फ्रॉक, पँट, बूट, असंल तसं. कारण लेकरू काय पोहायचा पोशाख घालून बुडत न्हाई. लेकरं रडत्यात ह्यात. मी कडेवर घेते, बोलते, पण सोडायच्या वेळी हात सोडते. काचंपलीकडनं बघणाऱ्याला वाटतं, ही बाई हाय का हडळ हाय.

आता जिच्यासाठी तुमी आलाय ती गोष्ट सांगते. आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून एक तीन मजली बिल्डिंग हाय, तिथं बीडकडचं जोडपं भाड्यानं राहायचं. गणेश आन् सविता. गणेश चाकणला कंपनीत, शिफ्टवर. मुलगी ईश्वरी, घरी ईशू म्हणत्यात, तवा साडेचार वर्षांची व्हती. सविता एकदा म्हणली, मावशी, मला ईशूला शिकवायचंय पण ह्यांना पाण्याचं नावसुदा काढलेलं चालत न्हाई. मी इचारलं, का गं? म्हणली, सांगत न्हाईत. निस्ते उठून जात्यात. मग काय, गणेशची पहिली शिफ्ट असली की ही लेक घेऊन माझ्याकडं यायची, घरी जायच्या आत केस वाळवायची. मी म्हणलं, सविता, हे बरं न्हाई, नवऱ्याला सांग. म्हणली, सांगीन. ते सांगणं काय झालं न्हाई, आन् मीही जोर केला न्हाई, त्यो दोष माझा.

ईशू लई भित्री. पहिले पाच दिवस माझ्या गळ्यातले काळे मणी धरून बसायची, तोडली माझी पोत तिनं. सहाव्या दिवशी उताणी पडली. मी म्हणायची, छत कुठंय? ती म्हणायची, वर. छतावर काय हाय? पत्रा. मग बघ त्याच्याकडं, मी हितंच हाय. असं करत करत वीस आकडे म्हणूस्तवर पडून राहायला लागली.

मग कपड्यांचा दिवस आला. पिवळा फ्रॉक घातलेला तिनं. मी काठावरनं तिला पाण्यात सोडली, गेली खाली, वर आली, फ्रॉक फुगून तोंडावर आला, घाबरली, रडली, पण वळली हो, वळली आन् उताणी झाली. मी हात मागं घेऊन आकडे मोजतीय, अकरा, बारा, आन् पाठीमागनं दरवाजा आपटला. गणेश. कंपनीत त्या दिवशी लवकर सोडलेलं, कुणीतरी सांगितलं असंल. बुटासकट काठावर आला आन् वरडतोय, मारायलाव का माझ्या लेकराला? काढा तिला! काढा म्हणतो ना! पाय मात्र काठाच्या पुढं टाकंना. मी ईशूला उचलून दिली. तिला छातीशी धरून माझ्यावर हात उगारला त्यानं. निखिलसर मधी आले. गणेश म्हणला, तुम्ही माणसं हायत का कोण हायत? सविता कोपऱ्यात उभी, तोंडात पदर. गेले तिघं निघून.

त्या रात्री मला जेवण गेलं न्हाई. त्यो चुकीचं काय म्हणला हो? त्यानं जे बघितलं ते तसंच दिसत व्हतं. आन् माझ्या मनाला दुसरीच टोचणी, की पोरीचं अर्धंच झालंय. पडून राहती, पण काठ पकडायला शिकली न्हाई. अर्धं शिकलेलं बरं का वाईट, हेच मला कळंना.

म्हैनाभर सविता माझ्यासमोर आली न्हाई. मे लागला, आमच्याकडं पाण्याची बोंब सुरू झाली. एक दिवसाआड टँकर. मी सकाळची बॅच उरकून घरी आलते, पोळ्या लाटत व्हते, दुपारचे बारा वाजले असत्याल. आन् सविता दारात. अनवाणी, निस्तं बोट रस्त्याकडं. मी म्हणलं, काय झालं? म्हणली, टाकी.

तेवढ्या एका शब्दावर मी पळाले. पिठाचे हात तसेच.

त्या बिल्डिंगीच्या पार्किंगमधी जमिनीखाली पाण्याची टाकी. टँकरवाल्यानं लोखंडी झाकण बाजूला सरकवून पाइप आत सोडला आन् गेला कॅबिनमधी बसायला. शेजारची एक चिमुरडी पोरगी तिथं उभी, ती एवढंच म्हणत व्हती, ईशू वाकली, ईशू वाकली. आन् गणेश, त्याची रात्रपाळी झालेली, झोपेतनं उठून खाली आलेला, बनियनवर, त्यो त्या तोंडाशी गुडघ्यावर बसून आत उडी घ्यायच्या बेतात. मी मागनं त्याचं बनियन धरलं, फाटलं ते, मग कंबर धरली. म्हणलं, गणेश, उडी मारली तर लेकरू तुझ्याखाली येईल. त्यो मला ढकलतोय. मी कानाशी वरडले, तुला पोहायला येतं का? सांग, येतं का? त्यो थांबला. त्याचा चेहरा मी मरेस्तवर विसरणार न्हाई.

आधी टँकरचं पाणी बंद करायला लावलं. धबधब्याचा आवाज थांबला आन् एकदम शांत. मी आत तोंड घालून हाक मारली, ईशू! काय न्हाई. रडणं न्हाई, हात आपटल्याचा आवाज न्हाई. आता बघा, माझ्या मनाची काय दशा झाली असंल. बाकी सगळ्यांना ती शांतता म्हंजी संपलं असं वाटलं, सविता तिथंच खाली बसली. मला वाटलं, कान पाण्यात असतील तर तिला माझी हाक ऐकू जाणार न्हाई. पण दुसरंही असू शकतं. मी आप्पांचा दोर धरलेली बाई हाय, दुसरं काय असतं ते मला म्हाईत हाय.

साडी सोडली. लाजायला वेळ न्हाई. टँकरवाल्यानं दोर आणला, मी कमरंला बांधला, दुसरं टोक गणेशच्या हातात दिलं. त्याला सांगितलं, पालथा पड, मोबाईलची बॅटरी आत धर, मी दोनदा हिसकलं की ओढ, त्याच्या आधी ओढायचं न्हाई. त्यो म्हणला, मावशी, दोर हातातनं सुटला तर? मी म्हणलं, मनगटाला गुंडाळ.

तोंड दोन फूट, माझं शरीर हे असं, खांदे खरवडून आत गेले. उतरायला लोखंडी कड्या व्हत्या, दोन धड, पुढच्या गंजून गेलेल्या. पाणी तोंडापासनं चार हात खाली आन् खोली माझ्या डोक्यावरनं. बॅटरीचा उजेड एवढासा, त्यात निस्तं पाणी चमकतंय, लेकरू न्हाई. टाकीच्या मधी काँक्रीटचा तुळवट, म्हंजी आडवी तुळई व्हती, तिच्या पलीकडं काळोख. मी हात पाण्यावरनं, वरच्यावर फिरवत चालले. खाली न्हाई बघितलं. मनाला म्हणलं, आधी वर शोधायचं, खाली शोधायची पाळी आली तर बघू. भिंत लागली, शेवाळ लागलं, आन् मग केस. पाण्यावर पसरलेले.

मी हात पुढं नेला, कपाळ लागलं. नाक लागलं. पाण्याच्या वर. आन् नाकातनं गरम हवा आली माझ्या बोटांवर.

अहो, मी तिच्या मानंखाली हात घातला तर ती बारीक आवाजात काय म्हणली असंल? मावशी, छत दिसंना.

काळोखात ती छत शोधत पडलेली. पाच मिनिटं म्हणा, सहा म्हणा, मला कुणी विचारलं तर मी वर्ष सांगीन. मी म्हणलं, हाय गं बाय, छत हाय, मी हितंच हाय. तोवर ती शांत, आन् माझा हात लागल्याबरोबर तिचा बांध फुटला. माझ्या गळ्याला अशी आवळली की मी गेले खाली, नाकातोंडात पाणी, तिचे पाय माझ्या पोटावर. दोर हिसकायला हात मोकळा न्हाई. तेवढ्यात वर त्या वेड्या बापानं ऐकलं असंल तिचं रडणं, ओढलाच दोर. मी सांगितलं व्हतं ओढायचं न्हाई. ओढला म्हणून वर आले. पाठ घासली तुळवटाला, अजून वण हाय. मी लेकराला डोक्यावर धरली, वरनं दोन हात आले आन् ती उजेडात गेली. मग मला काढायला चार माणसं लागली.

दवाखान्यात एक दिवस ठेवली. छातीत थोडं पाणी गेलेलं, पण निभावलं.

आता तुमाला वाटंल, झालं, गोष्ट गोड झाली. न्हाई. पोरगी घरी आली आन् पाण्याला शिवंना. आंघोळीचा तांब्या बघितला की किंचाळायची. सविता ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची तिला. मी भेटायला गेले तर मला बघून पलंगाखाली शिरली. मी घरी येऊन मालकांना म्हणलं, जीव वाचला पण माझं तोंड बघितलं की तिला ती टाकी आठवती, ह्याला काय म्हणायचं? ते म्हणले, जीव वाचला असं म्हणायचं, बाकीचं सावकाश.

पंधरा-वीस दिवसांनी गणेश तलावावर आला. एकटाच. मला वाटलं आभार मानायला आला, त्यो तसलं काय बोलला न्हाई. खाली बघत म्हणला, मावशी, मी त्या दिवशी तुमच्यावर हात उगारला. मी म्हणलं, लागला तर न्हाई ना. मग म्हणला, आधी मला शिकवा. मी पाण्यात दिसलो तर ती येईल.

सहा फुटाचा माणूस छोट्या तलावात, कमरंएवढं पाणी, आन् दांडी सोडंना. बोटं पांढरी पडलेली. तिसऱ्या दिवशी मी निस्ती शेजारी उभी राहिले. तवा त्यानं सांगितलं. गावी शेततळं व्हतं, आत सगळीकडं प्लास्टिकचा कागद. त्याचा धाकटा भाऊ पाय धुवायला गेला आन् घसरला. कागदावर शेवाळ, चढता येईना. मी वर उभा व्हतो मावशी, म्हणला, हात पुरंना, मला पोहता येईना, त्यो माझ्याकडं बघत व्हता. सविताला हे त्यानं कवाच सांगितलं नव्हतं, त्या दिवशी त्या कमरंएवढ्या पाण्यात माझ्याजवळ बोलला आन् लेकरासारखा रडला. मी त्याची मान हातावर घेतली, म्हणलं, पड आता उताणा. पडला.

मग रोज ईशूला काचंपलीकडं बसवायचा, आपण पाण्यात पडायचा. म्हैना गेला. दुसरा म्हैना गेला. एक दिवस ती आपणहून पायरीवर येऊन बसली, पाय आत सोडून. कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत, मी सगळ्यांना डोळ्यानंच गप केलं. काठ पकडायचं राहिलेलं ते पुढं शिकली, वर चढायला शिकली. आता मोठी झालीय. निखिलसर म्हणत्यात स्पर्धेला उतरवू, ती म्हणती मला चित्रं काढायचीत. काढू दे की!

मी प्रत्येक आईबापाला सांगते, मी शिकवलंय म्हणून लेकरू पाण्यापाशी एकटं सोडायचं न्हाई. ईशू वाचली त्याला दहा गोष्टी जुळल्या, एक जरी चुकती तर मी आज हितं बसून बोलले नसते. झाकणाला कुलूप असतं तर ह्यातलं कशाचंच काम पडलं नसतं. आन् खरं सांगू, ज्यांच्या दारात खड्डे हायत, बांधकामावरची, खाणीजवळच्या खोल्यांतली, त्यांची लेकरं तलावावर येतच न्हाईत. तलावाच्या मालकाच्या हातापाया पडून सोमवारचा सुट्टीचा दिवस मागून घेतलाय, त्या दिवशी टेम्पोत बसून वीस-पंचवीस लेकरं येत्यात. किती राहत्यात बाहेर त्याचा विचार केला की झोप लागत न्हाई, मग मी विचार करत न्हाई, येत्यात तेवढी बघते.

गुडघे गेले माझे. डॉक्टर म्हणतो, पाण्यात थंडीचं उभं राहू नका. सविता आता माझ्याबरोबर उतरती, तिनंही परीक्षा दिली, तिचा हात माझ्यापेक्षा मऊ हाय, लेकरं तिच्यापाशी कमी रडत्यात. म्हंजी मी बसले तरी काम बसायचं न्हाई, एवढं समाधान. आप्पा असते तर त्यांना आणून दाखवलं असतं.

तुमाला लेक हाय म्हणला ना, तीन वर्षांची? औक्षवंत होऊ दे. आज घरी गेला की आधी तुमच्या बिल्डिंगीतलं टाकीचं झाकण बघा, मग चहा घ्या. आन् साडेतीनची झाली की आणा तिला माझ्याकडं, मी नसले तर सविता असंल. पहिले आठ दिवस ती तुमचा गळा सोडायची न्हाई, तुमालाच वाटंल नको, परत जावं. जाऊ नका. चला, दहाची बॅच आली, उठते मी.